शिलधारचे चिलगोजे

नाशिकच्या दुकानात रमणिकशेठनं कच्चे चिलगोजे तराजूवर ओतले. बियांच्या तेलातली मेदाम्लं वाचून तराजूनं नेहमीसारखं रानाचं नाव दाखवलं : शिलधार, किन्नौर.

मृदुलाताई केळुसकर बघतच राहिल्या. या तराजूंसाठी हिमालयातल्या रानारानांतल्या चिलगोज्यांची नोंद त्यांनीच केली होती. शिलधारचं रान तर बारा वर्षांपूर्वी वणव्यात समूळ जळालं होतं.

"जुना माल असेल, शेठ."

"जुन्याचं तेल खवट होतं, ताई. चाखून बघा."

त्यांनी एक बी सोलून दाताखाली धरली. ती गोड होती, अगदी ताजी. माल पाठवणाऱ्या बाईंचा नंबर घेऊन त्यांनी तिथूनच फोन लावला.

"कड्यामागची नऊ झाडं वाचलीत," छेरिंगबाई हिंदीत म्हणाल्या. "यंदा कुठं ती भरभरून धरली. अजून एक पोतं आहे."

"ते विकू नका. सगळं पेरायचंय. मी उद्याच निघते."

रमणिकशेठनं तराजूवरचे चिलगोजे पुडीत बांधून त्यांच्या हातात ठेवले. "मग हे तरी मी कशाला विकू? हेही पेरा."