क्षमेची प्रार्थना

नवऱ्याचा अंत्यविधी ठरवायला ती मुलाला घेऊन चर्चच्या ऑफिसात आली होती. बायबलमधली वाचनं ठरली, गीतं ठरली, मग फादरांनी जरा चाचरत विचारलं, "प्रवचनात त्यांच्याविषयी काय सांगू?"

मुलाने मान खाली घातली. बापाची दारू आणि आईला झालेली मारहाण साऱ्या गल्लीला तोंडपाठ होती.

"चांगलं काही शोधत बसू नका, फादर," ती म्हणाली. "क्षमेची प्रार्थना तेवढी सावकाश म्हणा. मला तिचाच आधार आहे."

मुलगा उसळला. "त्या माणसासाठी अजून क्षमा मागतेस, आई?"



"त्यांच्यासाठी नाही रे, माझ्यासाठी. वीस वर्षं रोज जपमाळ हातात घेऊन मी त्यांचं मरणच मागत होते."