दोन दारांची गाडी

"मावशी, एकदा दिवे वर करा की!" सांगलीहून गाडी बघायला आलेला पाहुणा म्हणाला. मी बटण दाबलं. बॉनेटमधले मिटलेले दोन्ही दिवे टकाटका डोळे उघडून वर आले, आणि चाळिशीचा तो बाप्या टाळ्या पिटायला लागला. "शाळेत असताना हिचं चित्र लावलं होतं भिंतीवर!"

मालकांनी ही जपानी गाडी नव्वद सालानंतर हौसेनं आणली. दारं दोनच, आणि मागची जागा म्हणजे नुसती थट्टा. "लेकरं काय टपावर बसवू?" असं मी तेव्हा फटकारलं होतं. आता लेकरं कॅनडात, मालक फोटोत, आणि कुठकुठली माणसं हिच्यासाठी माझ्या फाटकाशी.

विकणार का, असं सगळेच विचारतात. मी म्हणते, "दसऱ्याची पूजा होऊ दे, मग बघू." सरळ नाही म्हटलं की माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून दरसाल गाडीला झेंडूचा हार पडतो, आणि माझं बघणं पुढच्या दसऱ्यावर जातं.

हा मात्र चहा संपवून म्हणाला, "तुम्ही ही कधीच विकणार नाही, मावशी. कळलं मला."

मी ताठ बसून म्हटलं, "कळलं ना? मग कशाला बसलायस?"

"अजून एक कप मिळतो का बघतोय."

"फुकट नाही मिळायचा. आधी मागची काच पूस."

तो फडकं घेऊन उठला. मी आत जाऊन चहा ठेवला, आणि गॅस अगदी बारीक केला.