मोगऱ्याची पिवळी पानं

भूपेंद्र सुरतच्या एका डाईंग मिलमध्ये आहे. रंगाच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवून पाणी आंबट की क्षारी ते बघायचं, हेच त्याचं बारा वर्षांचं काम. पर्वत पाटिया भागातल्या त्याच्या घरी नूतनच्या कुंडीतला मोगरा तिसऱ्यांदा पिवळा पडला, तेव्हा अमळनेरच्या पाहुण्यांसमोर तो बायकोबद्दल बोलून गेला, "हिच्या हाताला यशच नाही." नूतन चहाचे कप उचलून आत गेली.

पुढे एकदा मिलमधून खिशात आलेली पट्टी त्याने सहज घरच्या बोअरच्या पाण्यात बुडवली. ती निळसर हिरवी झाली. इतक्या क्षारी पाण्यावर मोगरा तग धरणं कठीणच होतं. मिलचं पाणी रोज तपासणाऱ्याने घरचं एकदाही तपासलं नव्हतं. तो गुपचूप पाण्यात थोडं लिंबू पिळून ते स्वतःच मोगऱ्याला घालू लागला. महिन्याभराने हिरवी पालवी फुटली, तसं त्याने नूतनला गॅलरीत बोलावलं.

"दोष पाण्याचा होता, तुझा नव्हता," तो मान खाली घालून म्हणाला. "उद्यापासून तूच घाल पाणी."

नूतनने हात पदराला पुसले.

"नको. आत्ता कुठे जगलाय. मी लांबूनच बघेन."