एक्सलच्या जरा पुढे

"जास्त आहे, मास्तर," वजनकाट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला. "कालच्यापेक्षा कमी, पण अजून जास्तच."

मास्तरांनी पिकअपच्या दाराला टेकून मान हलवली. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पण पिकअपला ट्रेलर जोडून अवजड सामान ओढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्या विषयावर कुणी तावडीत सापडला की तासभर त्याची सुटका नसे, म्हणून सगळे ड्रायव्हर त्यांना मास्तर म्हणत. गाडीच्या ताकदीबाहेर ओढायचं नाही. दोन्ही साखळ्या हुकाखालून फुली मारून लावायच्या. ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर ब्रेकवर नाचायचं नाही, पाय काढायचा नि स्टिअरिंग सरळ धरायचं. आणि ओझं दोन्ही बाजूंना सारखं, एक्सलच्या जरा पुढे. मागे गेलं की ट्रेलरच गाडीला हाकायला लागतो. त्यांच्या लेकीला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं.

"मग परत फिरायचं?" गाडीतून लेकीने विचारलं.

"दुसरं काय करणार? मध्ये घाट आहे."

"बरं," ती म्हणाली.

नुसतं बरं! एरवी ही पोर चहात साखर किती घालायची यावरूनही हुज्जत घालायची. मन कधीच पुढे गेलंय हिचं, आता बापाशी भांडायलासुद्धा सवड नाही, असं मास्तरांनी मनाशी धरलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

लेक पुस्तकांची बांधणी करायची. लांबच्या एका बंदराच्या गावी तिला दुकानासाठी जागा मिळाली होती. कागद कापायचं ओतीव लोखंडाचं यंत्र, पुठ्ठ्यांच्या पेट्या, पलंग, खुर्च्या, सगळा पसारा ट्रेलरवर चढवला होता. जा म्हणून तिच्यामागे लकडा लावला होता तो मास्तरांनीच. आई गेल्यापासून पोर आपल्यापायी अडकून पडली, हे त्यांना दिसत होतं. ती एकदाची हो म्हणाली तेव्हा ते गाडीतळावर दिसेल त्याला सांगत सुटले. संध्याकाळी मात्र जेवता जेवता पाणी आणायला म्हणून उठले, ते बराच वेळ परत आलेच नाहीत.

बरं, जाण्याआधी घर आवरायची तरी किती घाई! शेडमागे साठलेले ट्रकचे जुने, जडशीळ लोखंडी ब्रेक ड्रम तिने परस्पर भंगारात देऊन टाकले. "तुम्ही काही टाकणार नाही, बाबा, म्हणून मीच टाकले," असं वर म्हणाली. ज्याला परत यायचं असतं तो इतकं लख्ख आवरत नाही, असं मास्तरांना वाटलं.

त्याच दुपारी त्यांनी ते केलं. शेडमधली ऐरण कशीबशी उचलली, ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि वर गोणपाट टाकलं. कंबर चांगलीच धरली. वजन जास्त भरलं की जाणं लांबणार, एवढाच त्यामागचा विचार. किती लांबणार, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. चार दिवस, आठ दिवस, तेवढीच सोबत. लबाडी केली तीसुद्धा नियमाला धरून, ओझं पुढेच ठेवलं.

ऐरणीने काम जरा जास्तच चोख केलं. पहिल्या दिवशी काट्यावरचा आकडा ऐकून मास्तर स्वतःच चपापले होते. घरी आल्यावर लेकीने निमूटपणे पलंग उतरवला, खुर्च्या उतरवल्या. पुठ्ठ्यांच्या पेट्यांना तेवढा हात लावू नका, मी नीट लावून ठेवल्यात, असं बजावलं. आणि आज दुसऱ्यांदा तोच प्रकार.

परत आल्यावर मास्तर पायरीवर बसून होते. लेक एकटीच ट्रेलर सोडून पुन्हा जोडायचा सराव करत होती. साखळ्यांची फुली मारली, ओढून पाहिल्या, दिवे तपासले, मग पुन्हा एकदा साखळ्या ओढून पाहिल्या. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. जन्मभर ज्याला त्याला वजनाचा खरेपणा शिकवला, आणि पोटच्या पोरीच्या वाटेत खोटं वजन टाकून बसलो!

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी ऐरण काढून शेडमध्ये जागच्या जागी ठेवली.

"आज जमणार बघ," काट्याकडे जाताना ते म्हणाले. आवाज होता होईल तो हलका ठेवला.

"जमलं की लगेच निघायचं?"

"लगेच. ऊन व्हायच्या आत घाट ओलांडू."

मग तिने विचारलं, "गोळ्या घ्यायच्या लक्षात राहील ना तुमच्या?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" मास्तर म्हणाले आणि उगाचच आरसा पुसू लागले.

गाडी काट्यावर उभी करून ते खाली उतरले. खिडकीतला माणूस आकड्याकडे बघत राहिला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जास्तच आहे, मास्तर."

"काहीतरीच काय? नीट बघ."

"नीटच बघतोय. पिकअपवरचा दाब उतरलाय, पण ट्रेलर अजून जडच."

असं होणं शक्यच नव्हतं. जे जास्तीचं होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. एरवी गाडी थांबायच्या आत उडी मारणारी पोर मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली होती.

मास्तर ट्रेलरवर चढले. ताडपत्री सोडून त्यांनी पुठ्ठ्यांची पहिली पेटी उघडली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडच्या बाजूची. प्रत्येकीत वर पुठ्ठ्यांचा एक थर होता आणि त्याखाली, जुन्या चादरींत गुंडाळलेले, भंगारात गेलेले ते ब्रेक ड्रम. दोन्ही बाजूंना सारखे, एक्सलच्या जरा पुढे.