शनिवारची अंघोळ

टेकडीवरच्या शाळेची जुनी मुलं माफी मागायला आली, तेव्हा ओफेइना अळूची पानं धूत होती. जुनी मुलं म्हणजे पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये. कमरेला फाटक्या चटया आणि गळ्यात झाडपाल्याच्या माळा घालून ते अंगणात जमिनीवर बसले. पुढ्यात भाजलेलं डुक्कर आणि मानाचं पेय करायच्या कावाच्या मुळ्यांची जुडगी ठेवली. कोणी मान वर केली नाही.

ओफेइनाचा भाऊ सुनिया लांब, फणसाच्या झाडाखाली उभा राहिला. काफोआ मुलगा त्याचा, पण इथे आत्याचा मान मोठा; ती समोर असताना बापानं तोंड उघडायचं नसतं. कुंपणाबाहेर सगळं गाव कान टवकारून होतं.

"बाई," जुन्या मुलांच्या संघटनेचा अध्यक्ष फेलेती म्हणाला. गुडघे धरलेला म्हातारा, उभ्या आयुष्यात शाळेचा बिल्ला छातीवरून न काढलेला. "ज्वालामुखीच्या राखेनं तुमच्या टाक्या नासल्या, समुद्राच्या लाटेनं विहीर खारी झाली. गावाला नवी टाकी आम्ही बांधून देतो. सिमेंट आमचं, पत्रे आमचे, राबणारे हात आमचे. काफोआला जे झालं, त्याची ही माफी."

"काय झालं काफोआला?"

फेलेती घुटमळला. "भांडण झालं. शाळाशाळांत होतातच, बाई."

"बसथांब्यावर त्याच्या डोक्यात दगड घातला. कोणी घातला?"

"आम्ही सगळ्यांनी घातला असं धरा."

"सगळ्यांनी घातला म्हणजे कोणीच नाही घातला." ओफेइनानं हातावरचं पाणी झटकलं. "आणि त्या दिवशी पोरांना भरून शहरात आणलं ती गाडी काय शाळकरी पोरं चालवत होती?"

बसलेल्यांपैकी एक जण माळेतलं पान खुडत राहिला. बाकीचे नुसते मातीकडे बघत होते.

"पाणी हवंय गं, ओफेइना," कुंपणापलीकडून पाद्रीबाईंचा आवाज आला. "लेकरांची पोटं बिघडलीत."

ओफेइनानं धुतलेली पानं एकेक करून टोपलीत रचली.

"बांधा टाकी," शेवटी ती म्हणाली. "पाणी गावाचं आहे, ते अडवणारी मी कोण? पण माझी माफी त्यात धरू नका. टाकी एकदा बांधली की झाली. काफोआला रोज अंघोळ घालावी लागते. उचलून न्यायचं, बसवायचं, पुसायचं. माझ्या भावाची कंबर गेलीय. दर शनिवारी तुमच्यातल्या कोणीतरी येऊन माझ्या पोराला अंघोळ घालायची. मी डोळे मिटेपर्यंत."

"येऊ की! का नाही येणार!" सगळे एकदम म्हणाले. सुटल्यासारखे हसले सुद्धा. मग कावा घोटला गेला.

टाकी झकास झाली. शाळेचा बँड आला, भाषणं झाली, परदेशातल्या नातेवाइकांसाठी फोटो निघाले. पहिल्या शनिवारी गाडीभर माणसं आली. एकानं साबण धरला, एकानं टॉवेल, दोघांनी नुसत्या सूचना केल्या. पुढच्या शनिवारी चौघे आले. मग कुठे रग्बीचा सामना निघाला, कुठे कोणाची मयत. पावसाळा सरेपर्यंत एकटा फेलेती उरला. तो बसनं यायचा, आणि थांब्यापासून घरापर्यंत दोनदा बसून दम खायचा.

काफोआला उचलणं त्याला झेपत नसे. तो त्याच्या काखांत हात घालून त्याला हळूहळू ओढत न्हाणीकडे न्यायचा. सुनिया दुरून बघायचा. ओफेइना फेलेतीला खायला द्यायची, पण बोलायची नाही.

असाच एक शनिवार. फेलेती तांब्यानं पाणी घालत होता. काफोआनं मान तिरकी केली आणि एकेक शब्द वेचल्यासारखं विचारलं,

"आजोबा, तुम्ही, कुठल्या शाळेचे?"

तांब्या हवेतच राहिला. या बेटावर या प्रश्नाला पुरुषानं छाती काढून उत्तर द्यायचं असतं. स्वयंपाकघराच्या दारात नारळ खवणाऱ्या ओफेइनाचे हात थांबले. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्याच," तो म्हणाला.

काफोआच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. "मग म्हणा," असं म्हणत त्यानं आपल्या शाळेच्या गाण्याची चाल धरली आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

फेलेतीला ती चाल चांगली येत होती. टेकडीवरच्या प्रत्येकाला येते. पण त्यांनी तिला लावलेले शब्द वेगळे, घाणेरडे, गाडीच्या टपावरून ओरडायचे. त्या दिवशी बसथांब्यावर तेच ओरडले गेले होते. ओफेइनाला ते ठाऊक होते, आणि म्हाताऱ्यापाशी दुसरे शब्द नाहीत हेही ठाऊक होतं.

फेलेतीनं ओठ घट्ट मिटले आणि नुसतीच चाल गुणगुणला.

"शब्द, विसरलात?"

"विसरलो रे. म्हातारा झालो."

"मी शिकवतो." काफोआनं पहिली ओळ म्हटली. मग तो थांबला. कपाळाला आठ्या घालून त्यानं दुसरी शोधली. सापडली नाही. त्यानं पुन्हा पहिलीच म्हटली.

दुसरी ओळ ओफेइनाला पाठ होती. तिचे भाऊ, चुलते, सगळे त्याच शाळेत शिकलेले. ती उठून न्हाणीच्या दारापर्यंत आली, पण ओळ सांगायच्या ऐवजी टॉवेल घेऊन उभी राहिली.

न्हाणीत काफोआ पहिली ओळ म्हणायचा आणि फेलेती त्याच्या डोक्यावरच्या खोल व्रणावर जपून पाणी सोडत त्याच्यामागून तीच म्हणायचा.