घाटावरचा पाहुणा

दहाव्याचा पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. नवऱ्याचा जीव कशात अडकलाय, हे शालनला चांगलं ठाऊक होतं. आपल्यामागे आंधळ्या भावाचं कसं होणार, हाच घोर त्याला शेवटपर्यंत होता.

शेवटी तिचा मुलगा विश्राम हात जोडून पुढे झाला. "बाबा, काकांना मी..." एवढं म्हणतो तोच कावळा झपकन उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली. सगळ्यांनी हुश्श केलं. विश्रामने तर पुढचे शब्द गिळूनच टाकले.

शालनला मात्र कावळ्याच्या पायात पर्यटन कंपनीचं पिवळं कडं दिसलं. हल्ली परदेशी पाहुणे विमानाने येत नसत. घरबसल्या यांत्रिक पक्षी भाड्याने घेत आणि त्याच्या डोळ्यांनी देश बघत.

"हा कावळा नव्हे," ती कडाडली.

कंपनीची बाई लगबगीने आली. "मावशी, चिडू नका. यंदा पाहुण्यांकडून येणारा पैसा दुप्पट झालाय. त्यातूनच हा घाट बांधलाय."

तेवढ्यात कावळा शुद्ध मराठीत म्हणाला, "माफ करा, पुन्हा एकदा हात जोडता का? मघाशी नीट दिसलं नाही."

शालनने हातातला तांब्या असा हाणला, की पंख मोडून तो नदीत पडला. बाई दंडाची भाषा बोलू लागली. शालनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"गुरुजी, पिंड नव्याने मांडा," ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "आता बोल. काकांना तू काय?"