एकाच हाताची नखं

डाव्या हातावरची मेंदी वाळता वाळता हेमलताला खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तेव्हा तिचा उजवा हात नणंदेच्या मांडीवर होता आणि बाजूला कापलेली नखं पडली होती.

"वेंधळी ती वेंधळीच! एकाच हाताची नखं कापली होतीस, वहिनी. म्हटलं, मेंदीआधी हीही उरकून टाकू."

हेमलता ताडकन उठली. गिटारच्या तारा दाबायला डाव्या हाताची नखं कापून, तारा छेडायला तिने उजव्या हाताची वाढवली होती, कणीकसुद्धा डाव्या हाताने मळून. "जॅझ? काकू, तुम्ही आपलं झेपेल असं घ्या," म्हणणाऱ्या गिटार क्लबात रविवारी ती जॅझचीच धून वाजवणार होती, मुद्दाम शोधून काढलेली, बोटं पिळवटणारी.

"विचारायचं नाही आधी? हा हात माझा आहे, तुझ्या माहेरचा नाही!"

"तुला स्वतःकडे बघायला वेळच नसतो, म्हणून गं..." नणंदेचे डोळे भरले.

"तू कशाला रडतेस? रविवारी हसतील ते मला!"

"हसतायत कसे! बघतेच मी." नणंदेने डोळे पुसले आणि चपला शोधल्या.

पार्लरमधल्या मुलीने हेमलताच्या उजव्या हाताला खोटी नखं चिकटवली आणि म्हणाली, "मॅडम, आता डावा हात द्या."

हेमलता तोंड उघडणार, तोच नणंद कडाडली, "डाव्याला हात लावून तर बघ! एवढं साधं कळत नाही? गिटार वाजवते आमची वहिनी!"